सुक्या मासोळीचं मीठ

त्या माणसाच्या पोटात जे मीठ गेलं ते माझ्या सांगण्यावरून गेलं, आणि आळ आला त्याच्या बायकोवर. हे मला महिन्याभरातच कळलं होतं. बोललो मात्र तीन वर्षांनी. मधल्या काळात त्या बाईच्या हातचं कोणी खाल्लं नाही. तिच्या पोटच्या मुलीनंसुद्धा नाही.

मी तेव्हा एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. आलापल्लीच्या सागाच्या जंगलातून लाकडाच्या गाड्या ज्या रस्त्यानं उतरत, त्या रस्त्यावरचं ते आठवडी बाजाराचं गाव. चांदा जिल्हा मोठा आणि डॉक्टर थोडे. आमचे डॉक्टर दोन दवाखाने सांभाळायचे, त्यामुळे आमच्याकडे आठवड्यातून दोनच दिवस यायचे. उरलेले पाच दिवस दवाखाना म्हणजे मीच. लोक मला डॉक्टरबाबू म्हणत. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला सांगायचो की बाबांनो, मी डॉक्टर नाही, औषध मिसळून देणारा आहे. दुसऱ्या वर्षी ते सांगणं हळूहळू बंद पडलं. बंद पडलं म्हणतो, पण खरं तर मीच बंद केलं.

डॉक्टर तरुण होते आणि कामाचे पक्के होते. छातीच्या रोग्यांकडे त्यांचं फार लक्ष असे. आमच्या भागात असे रोगी बरेच निघत. लहानपणी कधी तरी ताप येऊन सांधे सुजलेले असायचे, घरच्यांनी जडीबुटी केलेली असायची, आणि मग पंचविशी-तिशीत माणूस चार पावलं चालला की धापा टाकायला लागायचा. डॉक्टरांनी मला एकदा कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. आतली झडप खराब होते, रक्त पुढं जाण्याऐवजी मागं तुंबतं, अंगात पाणी साचतं, पाय सुजतात. ते म्हणाले, "हा रोग औषधानं जात नाही. औषध फक्त सांभाळून घेतं. बाकीचं रोग्यालाच सांभाळावं लागतं आणि ते त्याला शिकवावं लागतं. मी इथं दोन दिवस असतो. शिकवायचं काम तुमचं."

त्यांनी स्वतःच्या अक्षरात मला एक कागद लिहून दिला. मीठ बंद. जड काम बंद. थेंबाचं औषध मोजून, एक थेंबही जास्त नाही. झोपताना डोक्याखाली उंच उशी. पायावर सूज दिसली की लगेच दाखवायला यायचं. हा कागद मी औषधांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि तोंडपाठ केला. शाळेत पाढे म्हणावेत तसा मी तो रोग्यांपुढे म्हणायचो. बाटलीला मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता म्हणायचो. समोरच्याला कळलं का, हे कधी विचारलं नाही. मी म्हटलं म्हणजे शिकवून झालं, अशी माझी समजूत होती.

तो माणूस आला तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता आणि कूप, म्हणजे जंगलातली लाकूडतोड, सुरू व्हायला अवकाश होता. वय पस्तीसच्या आसपास. हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, गाडीवरून सागाचे ओंडके ओढायचं त्याचं काम. छाती भरदार, दंड लाकडासारखे, आणि दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून आला तर बोलता येईना. सोबत त्याची बायको होती आणि थोरला भाऊ होता. जंगलातल्या गावचं कुटुंब. थोडं धान, बाकी मोह, चारोळी, डिंक गोळा करायचं. मीठ त्यांना बाजारातच मिळायचं, तेही चारोळी देऊन. घरात मिठाचं मडकं भरलेलं असणं ही त्यांच्याकडे बाईच्या संसाराची शान होती, हे मला पुढं कळलं.

तो बाजाराचा दिवस होता, आणि एरवी बाजाराला नसणारे डॉक्टर त्या दिवशी आले होते. डॉक्टरांनी तपासलं, थेंब लिहून दिले आणि मला म्हणाले, "यांना नीट समजावा." मग ते दुसऱ्या रोग्याकडे वळले. ओट्यावर तीस-चाळीस माणसं. मी खलबत्त्यात काही तरी कुटत होतो. कुटता कुटताच पाढा म्हणालो. थोरला भाऊ मान हलवत राहिला. बायको मात्र लक्ष देऊन ऐकत होती. माझं झाल्यावर ती म्हणाली, "बाबू, मीठ नाई म्हनता, तं हा मानूस खाईन काय? पेज अळनी, भाजी अळनी. सुकी मासोळी चालते का?"

"चालते."

"ते खारट राह्यते नं, बाबू?"

"चालते म्हटलं ना! एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

मी असं का म्हणालो? मी वर्ध्याकडचा. आमच्या घरी मासोळी शिजत नव्हती. बाजारात तेलंगी मुलखाकडून येणाऱ्या सुक्या मासोळीच्या टोपल्या लागायच्या, तेव्हा मी नाकाला रुमाल लावून त्या ओळीतून जायचो. तिला टिकवायला मीठ चोळतात, हे मला माहीत नव्हतं. माहीत नाही, असं त्या बाईला म्हणता आलं असतं. डॉक्टर दहा हातांवर बसले होते, उठून विचारता आलं असतं. पण तीस-चाळीस माणसं डॉक्टरबाबू, डॉक्टरबाबू करत उभी असताना एका जंगलातल्या बाईपुढं मला माहीत नाही, असं म्हणायची माझी जीभ वळली नाही.

तिनं मग काही विचारलं नाही. डॉक्टरबाबू चालते म्हणाले म्हणजे मासोळीतलं मीठ वेगळं असणार, असं तिनं धरलं. सगळ्या घरानंच तसं धरलं.

पंधरा-वीस दिवसांनी ते परत आले. या वेळी तो चालत आला नव्हता. गाडीत गवत पसरून आणला होता. डॉक्टरांचा वार नव्हता, बाजाराचा मात्र होता. मी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. सूज गुडघ्यापर्यंत चढली होती. थेंब वेळेवर घेत होता, गाडीला हात लावला नव्हता, झोपताना डोक्याखाली गवताची उंच उशी होती. माझ्या पाढ्यातलं एकच उरलं.

"मीठ कोणी दिलं?" मी विचारलं.

"कोनी नाई देलं, बाबू," बायको म्हणाली.

"मग ही सूज काय आभाळातून पडली?"

ओट्यावरची माणसं हसली. ती हसली आणि मला चेव आला. कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "देलं असन चिमूटभर. अळनी खाऊन नवरा चिडचिड करते नं!" दुसरा म्हणाला, "बायकोचा जीव बाबा, हात हलका सुटते." पुन्हा हशा.

"चुलीपाशी मिठाचं मडकंच नाई ठेवलं, बाबू," ती सांगत होती. "घरचे सारे अळनी खाऊन राह्यले. पोरगी बी अळनी खाऊन राह्यली. मासोळी तं—"

"मासोळीचं सांगू नकोस मला. मी मिठाचं विचारतो आहे."

तिनं ओट्याखालची माती उचलली आणि मुठीत धरून कपाळाला लावली. त्यांच्याकडे ही मोठी शपथ. तिथं तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "माती उचलून सूज उतरत नाही, बाई. नवरा मारायचाच असेल तर तसं सांग. सरकारची बाटली कशाला वाया घालवतेस?"

हे वाक्य मी इथं जसंच्या तसं लिहिलं आहे. बदलून लिहावंसं फार वाटलं.

गाडीत पडलेला तिचा नवरा एवढंच म्हणाला, "बाबू, तिनं नाई देलं." त्याला पुढं बोलायला दम पुरला नाही. थोरल्या भावानं तिच्याकडे पाहिलं, आणि ते लोक गेले.

त्या दिवसापासून त्या घरात तिच्या हातचं बंद झालं. त्या गावांत ही गोष्ट सभा बोलावून ठरत नाही. घरातला मोठा माणूस एक दिवस तिनं वाढलेलं ताट दूर सारतो, आणि ते पाहून सगळे सारतात. चूल थोरल्या जावेकडे गेली. पिण्याचं पाणी भरायचं, तेही जावेकडं गेलं. हिनं गोठा झाडायचा, मोह वेचायचा, हेल्यांना नदीवर न्यायचं. तिची मुलगी काकूच्या हातचं जेवायची.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला त्या घरी पाठवलं. सूज उतरत नाही म्हणून त्यांना संशय आला होता. "घरी जाऊन बघा," ते म्हणाले, "काय खातात, किती खातात, ताटात काय पडतं ते डोळ्यांनी बघा. ओट्यावर बसून कळत नाही." मी सायकलनं गेलो. नाल्यापाशी सायकल ठेवून पुढं चालत गेलो.

मी पोचलो तेव्हा रोग्याला जेवायला वाढलं होतं. भिंतीला टेकून बसला होता. पानावर भात, भाताशेजारी अळणी वरण, आणि निखाऱ्यावर भाजलेली सुकी मासोळी. अर्धी खाल्लेली. थोरल्या भावानं मला बसायला पाट दिला आणि मोठ्या समाधानानं म्हणाला, "पाहा बाबू, तुमी सांगतलं तसंच करून राह्यलो. आता आमची बाई रांधते. मीठ नाई का काही नाई. मासोळीवरच जेवते हा."

त्या मासोळीच्या अंगावर पांढरं काही तरी होतं. मी बोटानं खरवडलं. मग जन्मात पहिल्यांदा मी मासोळीचा तुकडा तोंडात घातला.

मीठ. नुसतं मीठ. जिभेला चरचरलं.

मला त्याच क्षणी सगळं दिसलं. खलबत्ता, ओटा, ती विचारत असलेली, "ते खारट राह्यते नं, बाबू?" तिला माहीत होतं. तिनं मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी तिचं तोंड बंद केलं होतं. चूल तिच्या हातून गेली तरी सूज तशीच होती, एवढं तरी मला ओट्यावर बसून कळायला हवं होतं.

मी तोंडातलं गिळलं आणि म्हणालो, "आता मासोळीही बंद करा."

"काऊन?" भाऊ म्हणाला. "तुमीच तं चालते म्हनलं होतं."

"तेव्हा चालत होती. आता औषध बदललं आहे. या औषधाला मासोळी चालत नाही."

औषध बदललेलं नव्हतं. तेच थेंब, तीच बाटली, माझ्याच हातची पट्टी. थोरल्या भावानं मान हलवली. गोठ्याच्या दाराशी त्याची भावजय शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

परत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं की सुक्या मासोळीतून मीठ जात होतं, आता बंद केलं. ते खूश झाले. "बरं झालं, गेलात," म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण मासोळीचं यांच्या डोक्यात कोणी घातलं?"

मी म्हणालो, "घरच्यांनीच काढलं असेल, साहेब. अडाणी लोक."

मासोळी बंद झाल्यावर आठ-दहा दिवसांत सूज उतरू लागली. महिन्याभरात तो माणूस काठी टेकत टेकत दवाखान्यात आला. त्याच्या गावानं मात्र हिशेब वेगळा लावला. बायकोच्या हातची चूल काढली आणि गडी बरा झाला, एवढंच लोकांनी पाहिलं. चूल काढल्यानंतरही कित्येक दिवस सूज तशीच होती, हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ज्याच्या लक्षात होतं तो गप्प होता.

मी स्वतःला काय सांगत होतो, तेही लिहितो. लोक आत्ता कुठं पुजाऱ्याच्या जडीबुटीकडून दवाखान्याकडे वळायला लागले होते. डॉक्टरबाबूच चुकला असं कळलं तर उद्या कोणी यायचं नाही, रोगी घरीच मरतील. म्हणजे मी लोकांच्या भल्यासाठी गप्प होतो. हे मला चांगलं पटायचं. दिवसा पटायचं आणि कामात असलो की पटायचं.

एक गोष्ट मात्र मी बदलली. पाढा म्हणणं सोडलं. रोगी आला की आधी विचारायचो, काल सकाळपासून काय काय खाल्लं? मग बाजारातून चार जिन्नस आणून ओट्यावर मांडायचो. सुकी मासोळी, लोणचं, पापड, खारवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. म्हणायचो, चाखा, आणि सांगा कशात मीठ आहे. लोकांना मजा वाटायची. हृदयाचं चित्र मी दाखवायचो, पण ते कोणाला कळत नसे. ते कळवलं त्या हेलेवाल्यानंच. तो एकदा चित्र बघत बसला आणि शेजारच्या रोग्याला म्हणाला, "आपल्या बोडीचं तोंड नाई का, लाकडाचा बोळा सडून अडकला का पानी मागंच राह्यते, मंग पार ओली होते, बांध्या चिबडते? तसंच हे. बोळा सडला आपला. आता पानीच कमी भरा लागते." बोडी म्हणजे धानाच्या शेतावरचं तळं, पार म्हणजे त्याचा बांध, बांध्या म्हणजे खालची खाचरं. त्यानंतर मी सगळ्यांना बोडीच सांगायला लागलो. आमच्या दवाखान्यातलं सगळ्यात चांगलं शिक्षण ज्यानं दिलं, त्याच्या घरातली चूल मी विस्कटली होती.

त्याच दिवशी सगळे गेल्यावर तो मागं थांबला. म्हणाला, "बाबू, एक काम होतं. भाऊ तुमचं आईकते. त्याले सांगा नं, तिनं मीठ नाई देलं म्हनून. मी सांगतो तं म्हनते, नवरा बायकोकडूनच बोलन. तिच्या हातची पेज पेऊन साल होत आलं."

"बघू," मी म्हणालो.

"सांगा मात्र."

"बघू ना. आता बाजाराचा दिवस आहे."

दीड पावसाळा तो जगला. झडप खराब होती ती होतीच. डॉक्टर म्हणाले होते तसं औषधानं सांभाळून घेतलं तेवढं घेतलं. तो गेल्याचं मला बाजारात कळलं. तेरवीच्या दिवशीही बायकोला रांधणाऱ्या बायांत बसू दिलं नाही, हेही बाजारातच कळलं. ती भावाच्या गावी गेली. मुलगी काकाकडेच राहिली.

मग ती दर बाजाराला चारोळीची टोपली घेऊन यायची. दवाखान्याच्या समोरच्याच चिंचेखाली बसायची, पण दवाखान्याकडे पाठ करून. मी खिडकीत बाटल्या भरताना तिची पाठ दिसायची.

एवढ्यावर राहिलं असतं तरी कदाचित मी गप्पच राहिलो असतो. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे. झालं असं, की माझं ओट्यावरचं वाक्य गावोगाव गेलं होतं. आणि सुरुवातीच्या महिन्यांत मी स्वतःही ते पसरवलं होतं. मीठ देऊ नका सांगताना मी एक-दोनदा म्हणालो होतो, "एका बाईनं लपूनछपून दिलं होतं, बघा काय झालं." मासोळी चाखून आल्यावरसुद्धा एकदा म्हणालो होतो. जुन्या सवयीनं म्हणालो आणि तोंडातून गेल्यावर कळलं.

तिसऱ्या वर्षी एक म्हातारी आली. तीच धाप, तीच सूज. सोबत मुलगा आणि नवी सून. मी काल काय खाल्लं म्हणून विचारलं तर म्हातारी म्हणाली, "काय नाई." परवा? "काय नाई." मुलगा खाली मान घालून उभा. शेवटी म्हातारीच बोलली, "हे सून रांधतच नाई माह्यासाठी. पोरगा कूपात जाते. मी भुकेनंच मरतो वाटते, छाती राह्यली दूर."

मी सुनेकडे पाहिलं. पोरसवदा बाई, डोळे भरलेले. म्हणाली, "मी नाई रांधत, बाबू. सूज आली तं माह्यावर आळ यीन. चिंचेखालच्या बाईवानी व्हाचं नाई मले. मले मायबापाकडं धाडून देतील."

ओट्यावरच्या दुसऱ्या एका बाईनं मान हलवली. "खरं आहे तिचं. छातीच्या रोग्याले कोन रांधन? देलं तरी मेलं, नाई देलं तरी मेलं."

त्या म्हातारीला मी थेंब देणार, बोडी समजावणार, मासोळी चाखवणार, आणि घरी कोणी तिला पेज करून देणार नाही. मी शिकवलेल्या सगळ्या गोष्टींपैकी लोकांच्या मनात सगळ्यात पक्की बसली होती ती माझी खोटी गोष्ट.

सुनेला मी इतकंच म्हणालो, "तू रांध. पुढच्या बाजारी ये, मग मी तुला सांगतो." आणि बाटली तशीच ठेवून चिंचेखाली गेलो.

ती गिऱ्हाइकाला चारोळी मोजून देत होती. माप सपाट करून, वर चार दाणे टाकून दिले. गिऱ्हाईक गेलं. मी पुढ्यात बसलो. तिनं वर पाहिलं नाही.

"बाई," मी म्हणालो, "मीठ तुम्ही दिलं नव्हतं. मासोळीतून गेलं. मासोळी चालते असं मी सांगितलं होतं. चूक माझी."

"हो," ती म्हणाली. टोपलीतले खडे निवडत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमी मासोळी तोंडात घातली त्याच दिवशी माहीत झालं, बाबू. तुमचं तोंड पाह्यलं नं मी."

"मग बोलला का नाहीत?"

आता तिनं वर पाहिलं. "कोनापाशी बोलू? मी बोललो तवा कोन आईकलं? माती उचलली तवा कोन आईकलं? मले काऊन सांगता आता? मले माहीत आहे ते मलेच सांगता. ज्याले माहीत नाई त्याले सांगा."

"कोणाला सांगू? तुमच्या थोरल्या दिराला सांगतो. आजच जातो."

"घरी जाऊन कानात सांगसान. मंग तो म्हनन, बाबूले दया आली." तिनं हातातला खडा फेकला. "ओट्यावर आळ घातला, ओट्यावरच काढा. पोरीचं लगन जुळलं. मांडवात मले चुलीपाशी यिऊ देत नाई. माह्या पोरीच्या लगनात मी पानी बी वाढाचं नाई, असं म्हनते घरचे. ओट्यावरचं बोलनं साऱ्यायनं आईकलं होतं नं? तसंच आईकतील."

मी "बरं" म्हणालो. ती म्हणाली, "तवा बाजार भरला होता."

मधल्या आठवड्यात डॉक्टर आले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांच्या मासोळीच्या प्रश्नाची आणि माझ्या खोट्या उत्तराचीही आठवण करून दिली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाजाराच्या दिवशी मी नसतो. यायला हवं का?" मी नको म्हणालो. ते असते तर लोकांना वाटलं असतं, साहेबांनी बोलायला लावलं. थोरल्या भावाला मी निरोप पाठवला की दवाखान्यात या, काम आहे. काय काम ते सांगितलं नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. मी दार उघडलं तरी औषध द्यायची खिडकी उघडली नाही. ऊन चढलं, ओटा भरला. म्हातारी आली, मुलगा आला, सून आली. आळ घातला त्या दिवशी 'चिमूटभर' म्हणालेला म्हातारा खोकल्याचं औषध न्यायला आला होता. थोरला भाऊ खांबाला टेकून उभा राहिला. चिंचेखाली मी पाहिलं. ती नेहमीच्या जागी होती, पण टोपली फिरवून बसली होती. तोंड दवाखान्याकडे होतं.

मी कपाटातून सुकी मासोळी काढली आणि हातात धरून ओट्याच्या कडेला उभा राहिलो. लोकांना वाटलं, बाबू आज पुन्हा चाखायला देणार. कोणी तरी म्हणालं, "आना इकडं, जेवन नाई झालं अजून." हशा झाला. तो विरेपर्यंत मी थांबलो. मग चिंचेखालपर्यंत जाईल एवढ्या आवाजात बोललो.

"तीन वर्षांपूर्वी याच जागी मी एका बाईला म्हणालो होतो की तू नवऱ्याला मीठ दिलंस. नवरा मारायचा असेल तर तसं सांग, असंही म्हणालो होतो. तुम्ही ऐकलंत, तुमच्यातले काही हसलात. ते खोटं होतं. मीठ या मासोळीत होतं. मासोळी खारट असते, चालेल का, असं तिनं मला विचारलं होतं. मला माहीत नव्हतं, तरी चालते म्हणालो. पुढं मी स्वतः चाखून पाहिली, मला कळलं, तरीही मी बोललो नाही. औषध बदललं अशी थाप मारली. भाऊ, तुमच्या घरी बसून मारली. तुमचा भाऊ माझ्यापाशी मागत होता की भावाला एवढं सांगा, तेही मी सांगितलं नाही. तिच्या हातात खोट नव्हती. तिनं घरातलं मिठाचं मडकं उचललं होतं, स्वतः अळणी खाल्लं होतं, मुलीला अळणी खाऊ घातलं होतं. तिच्यावाणी रांधणारी मिळाली तर तुमचा रोगी जगेल. सूज आली तर आधी मला विचारा, बाबू, तू काय सांगितलं होतंस. बाई, तुमची तीन वर्षं माझ्यामुळे गेली. ती मला परत देता येत नाहीत. मी खोटा होतो, तुम्ही खऱ्या होता. मला माफ करा."